कंसातला ग्रेव्हली

हेटेरोफ्रिक्टस ब्लाटेरी (ग्रेव्हली, 1935)

ओळ एवढीच आहे. क्रियापद नाही, विशेषण नाही, कोणाला काही सांगायची घाई नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातलं नैसर्गिक इतिहास संग्रहालय जगभरातल्या कोळ्यांची जी सूची चालवतं, तिच्यात अशा पन्नास हजारांवर ओळी आहेत. 2022 च्या एप्रिलमध्ये त्या आकड्याने पन्नास हजारांचा उंबरठा ओलांडला. त्यातली ही एक सह्याद्रीतल्या एका केसाळ, जमिनीलगत राहणाऱ्या टॅरंटुलाची. कवितेची ओळ वाचावी तशी ती वाचायची माझी इच्छा आहे, कारण तिच्यात एकही चिन्ह उगाच आलेलं नाही. स्वल्पविरामसुद्धा नाही. आणि कंस तर मुळीच नाही.

आधी शब्द. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. ‘ब्लाटेरी’ म्हणजे ब्लाटरचा. एथेलबर्ट ब्लाटर हे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले स्विस जेझुइट फादर. माणूस वनस्पतींचा. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह झेवियर्समध्ये आजही आहे आणि पश्चिम भारतातल्या वनस्पतींवर काम करणाऱ्याला तिथे गेल्यावाचून गत्यंतर नसतं. 1934 मध्ये ते वारले. पुढच्या वर्षी फ्रेडरिक ग्रेव्हली यांनी भारतातल्या या गटातल्या कोळ्यांवरचा आपला दुसरा लेख छापला. पहिला 1915 चा होता, तेव्हा ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये होते. दुसऱ्याच्या वेळी ते मद्रासच्या संग्रहालयाचे प्रमुख झाले होते. वीस वर्षांनी माणूस त्याच कोळ्यांकडे परत येतो, यावरून त्याची चिकाटी कळते. या दुसऱ्या लेखात ब्लाटर यांचं नाव एका कोळ्याला मिळालं. झाडांमागे आयुष्य घालवलेल्या माणसाची आठवण आठ पायांच्या, बिळात दबा धरून बसणाऱ्या प्राण्याच्या नावात राहिली.

पण ग्रेव्हलींनी दिलेलं नाव हे नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं ‘प्लेसिओफ्रिक्टस ब्लाटेरी’. ग्रेव्हली कंसात गेले आहेत ते त्यामुळेच. प्राण्यांच्या नावांचा नियम असा: जातीला पहिल्यांदा नाव देणाऱ्याचं नाव आणि साल ओळीच्या शेवटी येतं, आणि ती जात पुढे दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली, तर ते नाव आणि साल कंसात जातात. म्हणजे कंस सांगतो की या माणसाने प्राणी ओळखला, पण तो बसवला दुसरीकडे. ग्रेव्हली खोडले जात नाहीत. त्यांचं साल बदलत नाही. त्यांची चूक (चूक म्हणायचीच असेल तर) दोन वळणदार रेघांत बंद होऊन त्यांच्याच नावाभोवती बसते. मतभेद दाखवायची इतकी सभ्य पद्धत मराठी समीक्षेलाही साधलेली नाही.

या सभ्यतेत एक कंजूषपणा मात्र आहे आणि तो मला खटकतो. प्राणी ज्याने हलवला, त्याचं नाव ओळीत कुठेच येत नाही. वनस्पतिशास्त्रात तसं नसतं. तिथे मूळ नाव देणारा कंसात जातो आणि त्याच्यापुढे, कंसाबाहेर, वनस्पती नव्या प्रजातीत नेणाऱ्याचं नाव लिहितात. ब्लाटर ज्या शास्त्रात वावरले, तिथे दोघांनाही जागा मिळाली असती. त्यांच्या नावाचा कोळी ज्या शास्त्रात आहे, तिथे दुसऱ्याला ती नाही. ‘प्लेसिओफ्रिक्टस’मधून ‘हेटेरोफ्रिक्टस’मध्ये जाण्यासाठी कोणाला तरी जुने नमुने तपासावे लागले, नवे गोळा करावे लागले, पायाच्या बुडाशी असलेल्या केसांची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागली. 2014 मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप आणि हर्षल भोसले यांनी ‘हेटेरोफ्रिक्टस’ ज्या उपकुलात बसते, त्यातल्या भारतातल्या कोळ्यांचा आढावा घेतला, त्यातून आजची मांडणी बरीचशी ठरली. ओळ वाचणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. त्याच्यासाठी सूचीत एक पायरी खाली उतरावं लागतं.

एका प्रजातीतून दुसरीत नेलं, यात एवढं काय बदललं, असं कोणी विचारील. बदललं ते नातं. ‘हेटेरोफ्रिक्टस’ ज्या उपकुलात बसते, त्यातले बाकीचे कोळी कुठे सापडतात ते पाहा: केनिया, कॅमेरून, मादागास्कर, येमेनपलीकडचं सोकोत्रा बेट. कंस पडला आणि सह्याद्रीतल्या त्या कोळ्याचे भाऊबंद शेजारच्या डोंगरातून थेट समुद्रापार गेले. हे नातं मागे नेत गेलं तर गोंडवनापर्यंत पोचतं असं मानलं जातं. भारत मादागास्करपासून सुटा झाला त्याला सुमारे 9 कोटी वर्षं झाली. त्या जुन्या महाखंडाला नाव मिळालं ते आपल्या विदर्भाला लागून असलेल्या गोंडांच्या मुलखावरून, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. दोन वळणदार रेघांत एवढं मावतं.

‘हेटेरोफ्रिक्टस’ या प्रजातीचीही एक कथा आहे, आणि ती वाशीमच्या माणसाला फार समजावून सांगावी लागणार नाही. रेजिनाल्ड पोकॉक यांनी ही प्रजाती 1900 मध्ये स्थापन केली. पुढे ती ‘प्लेसिओफ्रिक्टस’मध्ये विलीन झाली, तिचं नाव जुन्या कागदांत उरलं, आणि बऱ्याच काळाने ती पुन्हा स्वतंत्र उभी राहिली. ब्रिटिश अमदानीत वऱ्हाडात बाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. 1905 मध्ये तो मोडला. बाशीम आणि मंगरूळ अकोल्यात गेले, पुसद यवतमाळकडे. मग 1 जुलै 1998 रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. पण जुनाच जिल्हा जसाच्या तसा परत आला असं झालं नाही. पुसद आलं नाही, कारंजा आलं, जे जुन्या बाशीम जिल्ह्यात नव्हतं. प्रजातींचंही असंच होतं. नाव परत उभं राहतं तेव्हा आत कोण कोण आहे ते नव्याने मोजावं लागतं. मधल्या काळात ज्यांचे पत्ते ‘जि. अकोला’ असे छापले गेले, ती माणसं काही दुसरीच झाली नव्हती.

आता दुसरी ओळ:

हेटेरोफ्रिक्टस मिलेटी पोकॉक, 1900

इथे कंस नाही. पोकॉक यांनी या प्रजातीची पायाभरणीच या जातीवर केली, त्यामुळे पहिल्या वाचनात वाटतं की हा कोळी जन्मापासून इथेच आहे. तसं नाही. प्रजाती विलीन झाली तेव्हा ही जातही तिच्याबरोबर गेली आणि ‘प्लेसिओफ्रिक्टस मिलेटी (पोकॉक, 1900)’ अशी लिहिली जाऊ लागली. याद्यांमध्ये, अहवालांमध्ये तो कंस छापला गेला. प्रजाती परतली, कोळी परतला, आणि कंस गळून पडला. प्रवास झाला, पण ओळीत त्याचा मागमूस उरला नाही. म्हणून कंस नसलेली ओळ वाचताना मी जरा जास्त सावध असतो. कंस असतो तिथे काहीतरी घडलंय हे कळतं, नसतो तिथे काही घडलं नाही याची खात्री देता येत नाही.

पोकॉक यांच्याबद्दल दोन शब्द. लंडनच्या संग्रहालयात अठरा-एकोणीस वर्षं काढून ते 1904 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक झाले. पण त्याआधीच्या काही वर्षांत त्यांनी भारतातल्या टॅरंटुलांना जी नावं दिली, त्यांवर आपण अजून उभे आहोत. 1899 मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे लेख आले, 1900 मध्ये ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीवरच्या मालेतला त्यांचा अष्टपादांवरचा खंड आला. नमुने भारतातून बाटल्यांत भरून जात, नावं लंडनहून छापून येत. बाटलीवरच्या चिठ्ठीत गोळा करणाऱ्या साहेबाचं नाव असे. प्राणी ज्याने बिळातून खोदून काढला त्याचं नाव चिठ्ठीत नसे, मग ओळीत कुठून येणार?

त्या बाटल्या अजून लंडनलाच आहेत, आणि इथे नामकरणाचा व्यवहार भावनेच्या पार पलीकडे जातो. एखाद्या नावाचा खरा मालक म्हणजे तो विशिष्ट मृत नमुना, ज्याच्यावरून वर्णन लिहिलं गेलं. आंबोलीत किंवा मुंबईच्या आरेत सापडलेला कोळी पोकॉक यांच्या जातीचा आहे की नवाच आहे, हे ठरवायला तो नमुना पाहावा लागतो. शंभर वर्षं अल्कोहोलमध्ये राहून त्याचा रंग उडालेला असतो. शरीराची मोजमापं, डोळ्यांची मांडणी, केसांचे प्रकार उरतात. निर्णायक असतं ते नराच्या स्पर्शपादाच्या टोकाचं इंद्रिय आणि मादीचे शुक्रकोष. नर प्रौढ झाला की बीळ सोडून मादीच्या शोधात भटकतो आणि फार जगत नाही. मादी वर्षानुवर्षं बिळातच. म्हणून कितीतरी जाती एकाच लिंगाच्या नमुन्यावर वर्णिल्या गेल्या, आणि एका जातीच्या नर-मादीला दोन वेगळी नावं मिळाल्याचीही उदाहरणं आहेत. वर्णन लिहिणाऱ्यापुढे अर्धवट वाढलेलं पिल्लू असेल तर काम आणखी अवघड. त्या नावाखाली नेमकं कोण, हे कायमचं संशयात राहू शकतं. मादीची एक सोय आहे. ती टाकते त्या कातीत शुक्रकोषांचीही कात असते, त्यामुळे तिला न मारता तिची ओळख पटवता येते. पावसाळ्यात बांधाच्या कडेला किंवा विहिरीच्या काठावर असली रिकामी केसाळ कात सापडली तर ती पायाखाली चिरडण्याआधी एकदा विचार करावा.

सालाकडे परत येतो. 1935 हा आकडा ओळीत शोभेसाठी नाही. तो खटला जिंकणारा आकडा आहे. 1977 मध्ये बी. के. टिकाडेर यांनी ‘प्लेसिओफ्रिक्टस महाबळेश्वरी’ अशी एक नवी जात वर्णिली. टिकाडेर हे पुण्याच्या प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण केंद्रात बसून भारतातल्या कोळ्यांचा पसारा आवरणारे संशोधक. पुढे 1987 मध्ये त्यांचं भारतीय कोळ्यांवरचं मार्गदर्शक पुस्तक आलं आणि अनेक महाविद्यालयांत कोळ्यांचा अभ्यास त्या एका पुस्तकाच्या भरवशावर सुरू झाला. पण 2014 च्या आढाव्यात असं ठरलं की महाबळेश्वरी आणि ब्लाटेरी हे दोन कोळी नव्हेतच. एकच आहे. दोन नावांत जुनं ते खरं, हा अग्रक्रमाचा नियम. 1935 ने 1977 ला हरवलं. महाबळेश्वरचं नाव असलेला कोळी शास्त्राच्या दृष्टीने संपला, डोंगरातला कोळी मात्र होता तिथेच राहिला. मला व्यक्तिशः या निकालाची हळहळ वाटते. एका स्विस पाद्र्याच्या नावापेक्षा कृष्णेच्या उगमाजवळच्या डोंगराचं नाव त्या प्राण्याला अधिक शोभलं असतं. पण नियमाला शोभेशी काही देणंघेणं नाही, आणि ते बरंच आहे. प्रत्येकाच्या आवडीने नावं फिरवायची ठरवली तर दुसऱ्या पिढीत कोणाला काही ओळखता यायचं नाही.

हरलेलं नावही फेकून देत नाहीत, ही या व्यवहारातली आणखी एक बाब मला आवडते. ‘महाबळेश्वरी’ समानार्थी नाव म्हणून सूचीत ब्लाटेरीच्या खाली नोंदलेलं राहतं. उद्या कोणी नवे नमुने घेऊन, जनुकीय पुरावा घेऊन दाखवलं की दोन जाती खरोखर वेगळ्या होत्या, तर टिकाडेर यांचं नाव तसंच्या तसं परत उभं राहील, 1977 या सालासकट.

जगात इतरत्र याहून मोठी उलथापालथ झाली आहे. दक्षिण अमेरिकेतल्या ‘अ‍ॅव्हिक्युलेरिया’ या झाडावर राहणाऱ्या टॅरंटुलांच्या प्रजातीत 49 जातींची नावं साठली होती. 2017 मध्ये कॅरोलिन फुकुशिमा आणि रोजेरिओ बेर्तानी यांनी ती सगळी तपासली आणि प्रजातीत 12 जाती ठेवल्या, त्यातल्या 3 तर नव्याच होत्या. बाकीच्या बऱ्याच जणांना दुसऱ्या घरी पाठवलं किंवा संशयित ठरवलं. मेक्सिकोतली ‘ब्राकिपेल्मा’ ही पाळीव प्राण्यांच्या बाजारातली सगळ्यात लाडकी प्रजाती. तिच्यातून 2020 मध्ये ‘त्लिल्तोकात्ल’ ही वेगळी काढली. ‘ब्राकिपेल्मा अल्बोपिलोसम’चं ‘त्लिल्तोकात्ल अल्बोपिलोसस’ झालं. प्रजातीच्या नावाचं व्याकरणिक लिंग बदललं की विशेषण असलेल्या जातिनामाचा शेवटही त्याबरोबर बदलावा लागतो. ‘पांढरा घोडा’, ‘पांढरी घोडी’ बोलणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. खरी अडचण दुसरीकडेच असते. या कोळ्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन आहे आणि ते प्रजातीच्या नावाने लिहिलेलं असतं. 2019 मध्ये आपल्याकडच्या ‘पोएसिलोथेरिया’ या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या टॅरंटुलांची अख्खी प्रजाती सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली. शास्त्रज्ञाने नाव हलवलं की कायद्याच्या यादीलाही त्याच्या मागे चालावं लागतं, आणि कायद्याची चाल सावकाश.

त्याच प्रजातीतली एक ओळ:

पोएसिलोथेरिया मेटॅलिका पोकॉक, 1899

निळ्याभोर रंगाचा हा कोळी आज जगभर पाळला जातो. पोकॉक यांना त्याचा नमुना मिळाला तो आंध्रातल्या गुत्तीहून, मुंबई-मद्रास मार्गावरच्या रेल्वेच्या लाकूडवखारीतून. ओंडका कुठल्या जंगलातला, हे कोणी विचारलं नाही. मग शंभर वर्षं गुत्तीच्या आसपास तो कोणाला दिसलाच नाही. 2001 मध्ये तो पुन्हा सापडला नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात, तिथून पुष्कळ दूर. बहुधा तो रेल्वेनेच गुत्तीला गेला होता. ओळ याबद्दल मौन पाळते. तिच्यात माणूस आहे, साल आहे, रंग आहे, गाव नाही. गाव शोधायला मूळ वर्णनात जावं लागतं, आणि तिथेही वखारच भेटते. आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो.

गाव नावातच गुंफलं तर? मग ते ओळीतून निसटत नाही. 2014 च्या त्याच आढाव्यात पाच नव्या जाती होत्या. एकीचं नाव सिंधुदुर्गातल्या आंबोलीवरून ठेवलं, एकीचं ऑस्ट्रेलियन तज्ज्ञ रॉबर्ट रेव्हन यांच्यावरून, एकीचं मुंबईतल्या आरे कॉलनीवरून. मुंबईच्या महानगरात, दुधाच्या तबेल्यांच्या आणि आदिवासी पाड्यांच्या शेजारी, टॅरंटुलाची नवी जात निघाली, हीच मुळात गंमत. विदर्भात अशी शोधाशोध कमी झाली असं नाही. अमरावती विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात गणेश वानखेडे यांच्याभोवती कोळ्यांच्या अभ्यासकांचा एक गट उभा राहिला आणि मेळघाटातल्या कोळ्यांच्या याद्या त्यांनी केल्या. पण टॅरंटुलाच्या ओळींत पश्चिम घाटाचं वजन जास्त आहे. पोकॉक यांच्या काळी नमुने जिथून सहज बंदराला पोचत, तिथलीच नावं आधी यादीत शिरली, हेही त्यामागचं एक कारण असावं.

आरेचं नाव कोळ्याला मिळाल्यावर पाच वर्षांनी, 2019 च्या ऑक्टोबरमध्ये, मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं एका रात्रीत तोडायला सुरुवात झाली. विरोध करणाऱ्यांच्या बोलण्यात बिबट्या होता, झाडं होती, पाडे होते, आणि अधूनमधून हा कोळीही होता. सर्वसाधारण माणसाला त्याचं पहिलं नाव उच्चारता येत नव्हतं. दुसरं मात्र लगेच कळत होतं.

हेटेरोफ्रिक्टस आरेएन्सिस मिर्झा आणि सानप, 2014. या ओळीत अजून कंस नाही. उद्या कोणी ही जात दुसऱ्या प्रजातीत हलवली, तर मिर्झा आणि सानप कंसात जातील. आरे नावातच राहील.